६५५३५ आलं, तरी काम बाकी होतं

मे महिन्यातली सकाळ. नागपुरातल्या महाल भागातले एक काका, शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक, टॉवेलात गुंडाळलेला झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे १९८२ चा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर, घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. रबरी बटणांचा, १६के (किलोबाइट) मेमरीवाला. त्यांच्या मोठ्या भावाने विलायतेहून आणलेला.

भारतात स्पेक्ट्रम म्हटला की बहुतेक वेळा समोर येतो तो डीबी स्पेक्ट्रम प्लस. डेसिबेल्सने तो १९८६ पासून परवान्यावर इथे विकला. तो मुळातच ४८के, त्यामुळे मेमरी घालायचा प्रश्नच येत नाही. सोळाचा नग आपल्याकडे क्वचित दिसतो, म्हणून हे काम जरा सविस्तर लिहितो.

काकांच्या मागण्या तीन. मेमरी ४८के करायची, कॅसेटऐवजी एसडी कार्डावरून प्रोग्रॅम चालवायचे आणि जॉयस्टिक लावायची. एसडीचं इंटरफेस कार्ड त्यांनी आधीच मागवून ठेवलं होतं. "भाऊ, घरी लावूनच पाहणार होतो, पण अडॅप्टर सापडून नाही राहिला," म्हणाले. बरं झालं सापडला नाही. कारण पिशवीत राउटरचा अडॅप्टर होता, आणि तो या मशीनच्या सॉकेटात अगदी घट्ट बसतो. स्पेक्ट्रमचा मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट, १.४ अँपिअरचा, आणि त्याची मधली पिन ऋण, बाहेरची कडा धन. आज बाजारात मिळणारे जवळपास सगळे अडॅप्टर याच्या नेमके उलटे. तो लावून काकांनी बटण दाबलं असतं, तर पुढचं काही लिहायला उरलं नसतं.

खालचे पाच स्क्रू काढून वरचं झाकण हळूच उचललं. कीबोर्डच्या दोन पट्ट्या, एक ५ तारांची आणि एक ८ तारांची, सॉकेटातून सरळ वर ओढायच्या. वाकवल्या की तुटतात, इतक्या त्या वाळलेल्या असतात. यातली एक हात लावताच तडकली. नवी मेंब्रेन, म्हणजे पट्ट्यांसकट बटणांखालचा पातळ पडदा, मिळते, ती घातली. आत बोर्ड इश्यू टू, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचा, होता. त्यावर प्रोसेसरच्या पाठीवर पायांना झाळलेला एक ट्रान्झिस्टर दिसतो. कुणीतरी जुगाड केलाय असं वाटून तो काढू नये, कारखान्यातलाच आहे.

मेमरीला हात लावण्याआधी वीज. खालच्या १६के साठी यात ४११६ जातीच्या ८ चिपा आहेत, आयसी ६ ते आयसी १३ (हे बोर्डावरच्या जागांचे क्रमांक). या चिपेला तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर अधिक १२, पिन ९ वर अधिक ५, आणि पिन १६ जमीन, म्हणजे शून्य व्होल्ट. अधिक १२ आणि उणे ५ हे बोर्डावरच तयार होतात, एक छोटी कॉइल आणि टीआर ४, टीआर ५ हे दोन ट्रान्झिस्टर मिळून. या मशीनचा सगळ्यात नाजूक भाग हाच. उणे ५ गेलं आणि १२ चालू राहिलं, तर ४११६ मरते. म्हणून वीज देण्याआधी या तिन्ही रेषा जमिनीशी शॉर्ट नाहीत ना, ते मीटरने पाहायचं. पाहिलं, ठीक होत्या. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर मात्र सगळे बदलले. मूळचे दोन्ही टोकांना पाय असलेले आडवे आहेत. ते मिळाले नाहीत, तर उभ्या जातीचे आडवे झोपवून एक पाय लांबून वळवला तरी चालतं, फक्त त्या पायाला स्लीव्ह घाला. मग बेंच सप्लायवर ९ व्होल्ट, करंटची मर्यादा १ अँपिअर. तिन्ही व्होल्टेज नीट आली.

चित्रासाठी मूळ सोय म्हणजे यूएचएफचं ३६ नंबरचं चॅनल. आता कोण शोधत बसतो! चित्र त्या चॅनलवर चढवणाऱ्या मॉड्युलेटरच्या डब्यात बोर्डाकडून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची, एक व्हिडिओची. दोन्ही सोडवल्या, सॉकेटला आतून जोडलेला मॉड्युलेटरचा रेझिस्टर काढला, आणि व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरमधून थेट त्याच सॉकेटाच्या मधल्या पिनेला दिली. टीव्हीच्या एव्ही इनपुटला लावल्यावर पडदा आधी काळा झाला, त्यावर बारीक लाल उभ्या रेषा चमकून गेल्या, मग पांढरा झाला आणि खाली कंपनीची १९८२ ची ओळ आली. त्या लाल रेषा लक्षात ठेवा, पुढे कामी येतात.

आता मेमरी. वरच्या ३२के साठी बोर्डावर १२ रिकाम्या जागा असतात. आयसी १५ ते आयसी २२ या मेमरीच्या, आयसी २३ ला ७४एलएस३२, आयसी २४ ला ७४एलएस००, आयसी २५ आणि २६ ला ७४एलएस१५७. शेवटच्या दोन चिपा पत्त्याचे दोन हिस्से करून मेमरीला पाळीपाळीने देतात, त्याआधीच्या दोन चिपा वरच्या मेमरीची पाळी कधी ते ठरवतात. कारखान्यात इथे ४५३२ चिपा बसवत. ती म्हणजे ६४के ची अशी चिप, जिचा अर्धा भाग खराब निघाला. चांगला अर्धा कोणता, ते बोर्डावरच्या एका जंपरने ठरतं. आज आपण सरळ ४१६४ घालतो. ती पूर्ण चांगली असते, त्यामुळे जंपर कुठल्याही बाजूला टाका, पण टाका. उघडा सोडला तर पत्त्याची एक रेषा तरंगत राहते आणि मशीन मनाला येईल तसं वागतं.

भोकं कारखान्याच्या झाळणाने बुजलेली होती. पंपाने एकदम ओढलं की या बोर्डाचं तांबं उपटून येतं. आधी प्रत्येक भोकात थोडं नवं झाळण भरायचं, ते वितळलं की मग पंप. ज्या पिना जमिनीच्या रुंद पट्ट्याला जोडलेल्या आहेत, तिथे आयर्न जरा जास्त वेळ धरावं लागतं. चिप खोचायचे १० बेस १६ पिनांचे आणि २ बेस १४ पिनांचे, सगळे झाळून प्रत्येक पिन कंटिन्युइटीवर तपासली. चिप थेट झाळू नका, बेस घालाच. का ते पुढे कळेल.

एक चूक इथे हमखास होते. ७४एलएस१५७ मध्ये पिन १६ ला ५ व्होल्ट आणि पिन ८ ला जमीन असते. ४१६४ मध्ये नेमकं उलट, पिन ८ ला ५ व्होल्ट आणि १६ ला जमीन. त्यामुळे "१६ पिनांची चिप म्हणजे व्होल्टेज कोपऱ्यात १६ वर" अशा सवयीने मोजायला गेलं की सगळं बिघडल्यासारखं वाटतं. चिपा बसवण्याआधी रिकाम्या बेसवर एकदा वीज देऊन मोजून घ्यावं.

४१६४ चिपा माझ्याकडे एका जुन्या एक्सटी जातीच्या पीसीच्या बोर्डावरून काढलेल्या होत्या. त्या बोर्डांवर ९ चिपांची एक रांग असते, ८ डेटाच्या आणि १ पॅरिटीची, म्हणजे चूक पकडण्याची. ८ इथे लागल्या, १ डबीत उरली.

सगळं बसवून वीज दिली. ओळ आली. मशीनला स्वतःची मेमरी किती वाटते ते २३७३२ आणि २३७३३ या दोन पत्त्यांवर लिहिलेलं असतं. प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३ असं दिलं. पीक म्हणजे त्या पत्त्यावरचा आकडा वाचणं, पोक म्हणजे तिथे लिहिणं. १६के मशीनवर उत्तर ३२७६७ येतं, ४८के वर ६५५३५. आलं ६५५३५. काका उठून उभेच राहिले, "झालं म्हणा की!"

झालं नव्हतं. हा आकडा सुरुवातीच्या चाचणीतून येतो, आणि ती चाचणी फार भोळी आहे. रॉम, म्हणजे मशीनमधला कायमचा प्रोग्रॅम, प्रत्येक पत्त्यावर २ लिहून ठेवतो. मग पहिल्या पत्त्यापासून एकेक वजा करत जातो, २ चा १, १ चा ०. शून्य आलं की पुढचा पत्ता. जिथे हिशोब चुकतो तिथे मेमरी संपली असं धरतो. आता २, १ आणि ० या तिन्ही आकड्यांत वरची सहाही बिटं शून्यच असतात. एखादं बिट कायमचं १ ला चिकटलं असेल, तर ते सापडतं. पण यांतलं एखादं कायमचं ० ला चिकटलं असेल, तर चाचणीला पत्ताही लागत नाही. म्हणून काढलेल्या चिपा बसवल्या की मी हे चार ओळींचं बेसिक चालवतोच:

१० क्लिअर ३२७६७
२० फॉर एन = ३२७६८ टू ६५५३५
३० पोक एन, २५५ : इफ पीक एन <> २५५ देन प्रिंट एन, पीक एन
४० नेक्स्ट एन

पहिली ओळ गाळू नका. बेसिक आपला स्टॅक, म्हणजे चालू कामाच्या नोंदी, मेमरीच्या सगळ्यात वरच्या टोकाला ठेवतं. क्लिअरने तो खालच्या १६के मध्ये आणला नाही, तर हा प्रोग्रॅम स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडतो. आणि बेसिक सावकाश चालतं, तेवढ्यात चहा होतो.

आमचा चहा अर्धाच झाला होता. पडद्यावर ४०९६०, २२३. पुढे ४०९६१, २२३. पडदा भरला की मशीन "स्क्रोल?" विचारतं, पाचदा बटण दाबावं लागलं. शेवटचा आकडा ४१०८७. त्यानंतर शेवटपर्यंत काही नाही.

२५५ वजा २२३ म्हणजे ३२, म्हणजे बिट ५. वरच्या मेमरीत आयसी १५ कडे बिट ०, आयसी १६ कडे बिट १, असं क्रमाने. बिट ५ म्हणजे आयसी २०. पत्त्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. ४०९६० ते ४१०८७ हे सलग १२८ पत्ते आहेत. झेड-८० हा प्रोसेसर मेमरी ताजी ठेवताना पत्त्याची खालची ७ बिटं वापरतो, तीच चिपेतल्या ओळी होतात. १२८ ओळी आणि प्रत्येकीत एकच जागा मेलेली, म्हणजे चिपेतला एक उभा रकाना गेलेला. ओळ गेली असती, तर दर १२८ पत्त्यांनी एकेक चूक आली असती. म्हणजे झाळणाचा दोष नाही, चिपच तशी. आयसी २० उपसली, पॅरिटीची नववी चिप तिथे बसवली. बेस असल्यामुळे दोन मिनिटांचं काम. चाचणी पुन्हा चालवली, २५५ ने, मग ० ने, मग ८५ आणि १७० ने. पडदा कोरा राहिला.

दुपारी इंटरफेस. स्पेक्ट्रमच्या मागच्या कडेला बोर्डाचीच तांब्याची दातरी बाहेर येते, २८ जोड्या, आणि पाचव्या जागी खाच. इंटरफेसच्या कनेक्टरमध्ये त्याच जागी एक आडवी पट्टी हवी, म्हणजे तो एकाच पद्धतीने बसतो. काकांच्या कार्डाच्या कनेक्टरला ती पट्टीच नव्हती, अठ्ठावीसही जागी दात. खालच्या बाजूला तिसऱ्या जागी ५ व्होल्ट आहेत, चौथ्या जागी अडॅप्टरचे थेट ९, मग खाच, मग सहाव्या-सातव्या जागी जमीन. कनेक्टर एक घर सरकला की इंटरफेसच्या ५ व्होल्टच्या पिनेला ९ मिळतात. कनेक्टरमधली पाचवी जोडी चिमट्याने ओढून काढली आणि तिथे जुन्या पीसीबीचा १.६ मिलिमीटर जाड तुकडा, तांबं पूर्ण खरवडून, फेविक्विकने बसवला. बोर्डाची दातरी खोडरबराने हलकेच घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. नागपुरात उन्हाळाभर कूलरची दमट हवा आणि बाहेरची धूळ दोन्ही मशीनवर बसतात, तांबं काळवंडलेलंच असतं.

वीज बंद करून कार्ड लावलं, चालू केलं, आणि मशीन थेट कार्डाच्या मेनूत गेलं. कार्डावरचा फर्मवेअर आणि एसडी कार्डातले सिस्टिमचे फोल्डर एकाच आवृत्तीचे लागतात, नाहीतर सुरू होतानाच चूक दाखवतं. काकांनी फोल्डर नव्या आवृत्तीचे उतरवले होते, इंटरफेस कार्डाचा फर्मवेअर जुना होता. फोल्डर बदलले. त्यांना वाटत होतं की कार्डावर १२८के मेमरी आहे म्हणजे मशीनची तेवढी वाढली. तसं नाही. ती मेमरी कार्डाची स्वतःची, त्याची डॉस, म्हणजे फायली सांभाळणारा प्रोग्रॅम, चालवायला, रॉमच्या जागेत ८-८के च्या तुकड्यांनी आत-बाहेर होते. मशीन ४८के चं ते ४८केच. आणि या कार्डासोबत इंटरफेस वन हे कंपनीचं जुनं जोडकार्ड लावू नये, दोघांचे पोर्ट एकमेकांवर येतात.

कॅसेटवर पाच मिनिटं लागणारा गेम डोळ्यांसमोर लगेच उघडला. कार्डावरचा दिवा लुकलुकत होता. तो मागच्या बाजूला, पुढून दिसत नाही. काकांनी तो पाहायला मशीनची मागची कड उचलली.

पडदा थरथरला आणि थिजला. आवाज बंद. बंद करून चालू केलं, नुसता कचरा.

"मी काही केलं नाही हो, नुसतं उचललं!" खरंच होतं त्यांचं. पण वरच्या बाजूला विसाव्या जागी उणे ५, एकविसाव्याला प्रोसेसरची वेट ही सिग्नल रेषा, बाविसाव्याला अधिक १२ आणि तेविसाव्याला त्याच चक्रातून येणारं आणखी एक व्होल्टेज, असे सगळे शेजारी शेजारी आहेत. चालू मशीनवर कनेक्टर तिरका झाला की १२ ची रेषा शेजाऱ्याला टेकते, आणि इवल्याशा टीआर ४ वर सगळा भार येतो. मशीन हलवू नका, एवढं सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं.

कार्ड काढलं. ४११६ च्या पिन ८ वर १२ नाहीत, पिन १ वर उणे ५ही नाहीत. टीआर ४ उपसून मोजला, कलेक्टर-एमिटर शॉर्ट. नवा झेडटीएक्स ६५० बसवण्याआधी १२ ची रेषा जमिनीशी शॉर्ट नाही ना ते पाहायचं, नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो. शॉर्ट नव्हती. टीआर ५ मोजमापात ठीक होता. वीज दिली, बारा आणि उणे पाच परत आले.

पण ओळ आली नाही. काळ्या पडद्यावर उभ्या रेषा तशाच राहिल्या. आणि सकाळच्या रेषा लाल, बारीक होत्या, या पिवळ्या आणि दुप्पट जाड. भिंग लावून मोजलं. प्रत्येक आठ ठिपक्यांत सहावा आणि सातवा पेटलेला.

दुरुस्तीचा कागद इथेच लिहून झाला. सुरुवातीला रॉम पूर्ण मेमरीत २ भरतो, आणि पडद्याची मेमरीही त्यातच येते. २ म्हणजे आठ ठिपक्यांतला सातवा पेटलेला. रंगाच्या जागेतही २ च जातो, २ म्हणजे काळ्यावर लाल. म्हणून निरोगी मशीनवर बारीक लाल रेषा क्षणभर दिसतात. इथे सहावा ठिपकाही पेटला, म्हणजे ४ चं बिट कायम १. २ आणि ४ मिळून ६, आणि रंग ६ म्हणजे पिवळा. ठिपका आणि रंग दोघांची साक्ष एकच: बिट २. खालच्या मेमरीत बिट ० आयसी ६ कडे, म्हणून बिट २ आयसी ८. बोट लावून पाहिलं, शेजारच्या चिपांपेक्षा तीच जास्त तापलेली.

ही चिप थेट झाळलेली होती. पूर्ण चिप वाचवायच्या नादात बोर्ड गमावतात लोक. पाय एकेक कापले, धड उचललं, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने काढला, भोकं साफ केली, बेस झाळला. ४११६ चे काही नग जपून ठेवलेले आहेत, त्यातला एक गेला. बारीक लाल रेषा, पांढरा पडदा, ओळ. ६५५३५. वरच्या मेमरीची चाचणी पुन्हा एकदा, कोरी. यूएलए, म्हणजे चित्र तयार करणारी खास चिप, वाचला. तो गेला असता, तर मूळ जातीचा दुसरा बहुधा एखादं बंद मशीन फोडूनच मिळतो.

जॉयस्टिक सगळ्यात सोपी. केम्पस्टन जातीची, पोर्ट ३१. प्रिंट इन ३१ चं वेटोळं चालवलं. दांडा सोडलेला असताना ०, उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, बटण दाबलं की १६. वर-उजवीकडे तिरका धरला की ९. काकांनी सगळ्या दिशा स्वतः तपासल्या, यावेळी मशीनला हात न लावता.

राहिली उष्णता. ७८०५ हा रेग्युलेटर नऊचे पाच करताना उरलेलं सगळं उष्णतेत घालवतो. आत १० व्होल्ट येत असतील आणि पाऊण अँपिअर जात असेल, तर पावणेचार वॅट निव्वळ तापण्यात जातात. वरून ३२के मेमरी आणि कार्ड यांचा नवा भार, आणि दुपारी दुकानातच चाळीस अंश. म्हणून ७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचं स्विचिंग मॉड्यूल बसवलं. घेताना ते किमान १.५ अँपिअरचं घ्या, १ अँपिअरचं काठावर राहतं. दोन तास गेम चालू ठेवला. यूएलएवर बोट ठेवता येत होतं.

मशीन आणि कार्ड दोन्हींखाली एकच प्लायची फळी घेतली, कार्डाखाली रबराचे दोन तुकडे लावून उंची जुळवली, आणि चार स्क्रूंनी दोन्ही फळीला आवळले. आता मागची कड उचलली की सगळंच एकत्र उचललं जातं. दिव्यासाठी कार्डामागे फळीवर बाजारात मिळणारा छोटा आरसा तिरका चिकटवला. नव्या अडॅप्टरच्या वायरीवर पांढऱ्या रंगाने लिहिलं, "आत उणे." राउटरचा अडॅप्टर काकांनी स्वतःच वेगळ्या पिशवीत टाकला आणि पिशवीला गाठ मारली.